पाण्याखालचा उंबरा

आमच्या गावात किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. दर पावसाळ्यात पाणी वर येतं, दर उन्हाळ्यात खाली जातं आणि जाताना एखादा नवा किस्सा मागं ठेवून जातं. चार बायका एकत्र बसल्या की एकीनं सुरुवात करायची, दुसरीनं मध्येच तोडायचं आणि तिसरीनं "तसं न्हाई गं, मी तितंच व्हते" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मी या गावची सून. जन्म बावधनचा, म्हणजे पुण्याच्या वेशीवरची, जरा शेफारलेलीच! गावकऱ्यांना ज्या गोष्टींचं काहीच वाटत नाही त्या बघून माझा आ वासायचा. खरं सांगू? अजून वासतो.

गावाचं नाव सांगून उपयोग नाही. नकाशात त्या जागी निळा रंग आहे. मुळशीचं धरण झालं तेव्हा मुळा नदीचं पाणी फुगत फुगत मागं आलं आणि काठावरचं अख्खं गाव खाली गेलं. माणसं डोंगराच्या उतारावर चढून राहिली. त्या पाण्यावर मुंबईत विजेचे दिवे लागले. आमच्याकडं माझ्या लग्नाच्या वेळी, म्हणजे साठ सालच्या आगेमागे, कंदीलच होते. पण गंमत अशी, की आपलं गाव बुडालंय हे गावानं मनावर घेतलंच नव्हतं!

* * *

माझं लग्न माघात झालं. आठवडाभरानं माझे मामा मला बघायला म्हणून आले. पौडपर्यंत एस.टी., पुढं पायी. उतारावर एक म्हातारा गुरं घेऊन बसला होता. मामांनी त्याला आमच्या घराची वाट विचारली.

"सरळ जावा. देवळापाशी डाव्या हाताला वळा, की आलंच."

मामा सरळ गेले. जात राहिले. शेवटी बुटात पाणी शिरलं तेव्हा थांबले. समोर नजर पोचेल तिथवर पाणी! तणतणत परत आले.

"अहो, देऊळ कुठाय?"

"हाय की," म्हातारा म्हणाला. "खाली."

"मग मी वळायचं कसं?"

"समदी वळत्यात," म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं.

मामांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्याकडं कुणी हसलंसुद्धा नाही. सासरे म्हणाले, "बरोबरच सांगितलं की त्यानं." पुढं माझ्याही लक्षात आलं. इथं कुणी 'धरण' म्हणत नाही. कपडे धुवायला 'नदीवर' जायचं, पाणी 'नदीचं' आणायचं. वाट सांगायची ती देवळापासून, चिंचेपासून, पाटलाच्या गोठ्यापासून. यातलं एकही डोळ्यांना दिसत नाही. मला पहिल्यांदा हसू आलं, आणि मग अंगावर काटा आला.

* * *

आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, आणि धोंडीबांचं वैर गावात प्रसिद्ध होतं. खालच्या गावात दोघांची घरं एका भिंतीची. शेतंही शेजारी. भांडण बांधावरून. गाव बुडण्याच्या आधी सुरू झालेलं हे भांडण गाव बुडाल्यावरही फर्स्टक्लास चालू होतं! वर आल्यावर दोघांनी मुद्दाम वस्तीच्या दोन टोकांना घरं बांधली आणि बोलणं बंद.

एकदा नवीन तलाठी आला. उत्साही गडी. "तुमचा वाद मी मिटवतो," म्हणाला. "चला, जागा दाखवा."

दोघांनी त्याला होडीत बसवलं. तलाठ्याला वाटलं, पलीकडच्या काठाला जायचंय. होडी मध्यावर आली आणि मामंजी पाण्यावर बोट रोखून ओरडले, "थांबवा! हितं!" धोंडीबा होडीच्या कडेवरून वाकले आणि पाण्यात बोट घालून तलाठ्याला म्हणाले, "न्हाई. हितं!"

तलाठी दोन्ही हातांनी होडी धरून बसला होता. "अहो, पण इथं तर पाणी आहे!"

"पानी काय, आज हाय, उद्या न्हाई," मामंजी म्हणाले. "बांध बांधाच्या जागंला हाय."

तलाठी काठावर उतरला तो थेट पौडच्या वाटेला लागला. पण होडी वल्हवणाऱ्यानं मला जे सांगितलं ते मी विसरले नाही. एवढ्या अफाट पाण्यात, ना खूण ना खुंट, आणि त्या दोघांच्या बोटांत अंतर होतं ते फक्त हातभर!

* * *

आता माझ्यावर काय वेळ आली ते ऐका.

गावाची एक रीत आहे. नवी नवरी माप ओलांडते ती वरच्या घराच्या दारात नाही. वरचं घर हे बिऱ्हाड. खरं घर खाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घराचा उंबरा उघडा पडतो. भिंती केव्हाच गेल्या, पण जोती आणि दगडी उंबरे शाबूत आहेत. तिथं तांदळाचं माप ठेवायचं, नवरीनं ते पायानं लवंडून आत जायचं, मग ती घरची सून. तोपर्यंत पाहुणी!

वैशाखात लग्न झालेल्या पोरी सुटतात. माझं माघात, पाणी काठोकाठ.

सुरुवातीला मजा वाटली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या मला पाट टाकून आधी वाढायच्या. चुलीला हात लावायला गेले की म्हणायच्या, "राहू द्या, तुमी पाव्हण्या." माझ्या बहिणी सासरी जात्यावर राबत होत्या आणि मी आपली सोप्यात बसून शेंगा खातेय! पण महिना-दोन महिन्यांत जीव नकोसा झाला. देवाला नैवेद्य दाखवायचा नाही, दारात सडा घालायचा नाही. आत्याबाई मला 'तुमी' म्हणायच्या ते तर सुईसारखं टोचायचं. सून म्हणून कुणी खेकसलं असतं तर मी पेढे वाटले असते!

आणि मग मला दिवस राहिले.

पाणवठ्यावर एक बाई सहज बोलून गेली, "पाव्हणीच्या प्वाटातलं लेकरू कंच्या घरचं म्हनायचं?" तिच्या मनात वाईट नव्हतं. पण मी घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. आमचे हे बाहेरून समजूत घालत होते, "पाणी उतरू दे गं." जणू पाणी यांच्या शब्दात होतं.

* * *

त्या साली पाणी उतरलं, पण पुरतं नाही. वरची आळी निघाली, भैरोबाचं देऊळ निघालं. आमची आळी सगळ्यांत खाली, नदीच्या कुशीत. ती पाण्यातच राहिली.

देऊळ निघालं त्या दिवशी सगळं गाव खाली उतरलं. मी जन्मात असं पाहिलं नव्हतं. ओल्या गाळात माणसं आपापली अंगणं झाडत होती. एक म्हातारा नसलेल्या दाराशी वाकला आणि मगच आत शिरला. गाभाऱ्यात भैरोबापुढं एक मासा तडफडत होता, तो पुजाऱ्यानं ओंजळीत धरून पाण्यात सोडून दिला. "वरीसभर ह्यानंच राखन केलीया," म्हणाला.

देवाची गंध उगाळायची सहाण गाळात गडप झाली होती. पुरुष मंडळी पहारी घेऊन सकाळपासून खणत होती. सगळं अंगण उकरून झालं. आत्याबाई पाण्याची घागर घेऊन माझ्याशी बोलत बोलत चालल्या होत्या. खाली बघितलंसुद्धा नाही. एका जागी थबकल्या, अनवाणी पाय जरा इकडं, जरा तिकडं फिरवला.

"हितं खना."

कोपरभर गाळाखाली सहाण! मी थक्क होऊन त्यांच्याकडं बघत राहिले.

"आत्याबाई, कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? पाय ठिवला की कळतंय."

* * *

धोंडीबांच्या बायकोचं नाव येसूबाई. ती आणि आत्याबाई एकाच वर्षी या गावात नवऱ्या होऊन आल्या. एका भिंतीच्या घरांत, एकीचं जातं दुसरीला ऐकू येईल अशा राहिल्या. पुढं नवरे भांडले आणि दोघींना बोलायची बंदी झाली.

बंदी झाली म्हणून बायका गप्प बसतात होय? दोघी म्हशी घेऊन एकाच वेळी पाण्यावर जायच्या. आत्याबाई आपल्या म्हशीची पाठ चोळत म्हणायच्या, "आज आमच्यात फनसाची भाजी व्हती गं कपिले." पलीकडून येसूबाई आपल्या म्हशीला सांगायच्या, "आमच्यात कसली भाजी गं, ह्यास्नी ताप हाय." दुसऱ्या दिवशी कपिलेला औषध सांगितलं जायचं! नवऱ्यांना दिलेला शब्द कुणी मोडला नाही. म्हशी तेवढ्या शहाण्या झाल्या.

येसूबाईंना मूलबाळ नव्हतं. तरीही दर उन्हाळ्यात त्या खाली उतरायच्या, आपला उंबरा घासायच्या, शेणानं सारवायच्या, त्यावर रांगोळी काढायच्या. त्या उंबऱ्यावरून कुणी सून आत यायची नव्हती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. येसूबाईंनाही होतं. थोडा वेळ उंबऱ्याशेजारी बसून त्या वर निघून यायच्या.

त्या साली त्यांचाही उंबरा पाण्यातच राहिला. एका सकाळी मी त्यांना पाण्याच्या कडेला पाहिलं. हातात शेणकाल्याची बादली, कमरेला रांगोळीची पिशवी, आणि नुसत्या पाण्याकडं बघत उभ्या. मी वळले तर मागं आत्याबाई उभ्या. त्याही तिकडंच बघत होत्या.

घरी येऊन आत्याबाईंनी पितळी मापटं घासायला काढलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळच्याला लुगडं खोचून तयार राहा. पानी उतरत न्हाई तर आपुन उतरू."

* * *

मिरग तोंडावर आला होता, आभाळ भरलेलं. आत्याबाईंच्या एका हातात तांदूळ भरलेलं पितळी मापटं, वर फडकं बांधलेलं. दुसऱ्या हातात माझा हात. आम्ही दोघीच. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. गढूळ इतकं, की स्वतःची पावलंही दिसेनात. मला भीती वाटत होती. आत्याबाई मात्र गल्लीतून चालल्यासारख्या चालल्या होत्या. "हितं पायरी हाय." होती! "आता वळा." वळले. मामांची आठवण झाली आणि त्या भीतीतही हसू फुटलं.

मग त्या थांबल्या. पायानं चाचपलं, सरकल्या, पुन्हा चाचपलं. मापटं घेऊन खांद्यापर्यंत वाकल्या आणि ते खाली ठेवून फडकं सोडलं.

"उजवा पाय उचला. सांबाळून."

पायाच्या अंगठ्याला गार पितळ लागलं. मी लवंडलं, मापटं आत गडगडलं ते तिथंच राहिलं. तांदळाचे दाणे गढुळात उसळले आणि कुठूनसे बारके मासे माझ्या पायांशी जमले. मी एक पाऊल पुढं टाकलं. आत, की पाण्यात, कुणास ठाऊक! पण मला हुंदका आला.

"आता रडू नगं, चुलीवर दूध ठिवलंय," आत्याबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या होत्या!

* * *

बाळंतपण माहेरी झालं. मुलगी. पुढच्या उन्हाळ्यात तिला घेऊन मी सासरी होते आणि त्या साली पाणी तळाशी गेलं. नदी आपल्या जुन्या वळणानं, चिंचोळी, वाहताना दिसली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. एवढं ओझं अंगावर घेऊन ती आपली वाट विसरली नव्हती.

आमची आळी निघाली. मामंजी पुढं, आम्ही मागं. शेजारच्या जोत्यावर धोंडीबा आणि येसूबाई आधीच आलेले. मामंजींनी आमचा उंबरा झाडला. आत बघितलं. बाहेर बघितलं.

"मापटं कुटं गेलं?"

मामंजी गाळ चाचपू लागले. मग येसूबाईंचा आवाज आला. त्यांच्या उंबऱ्याच्या आत, गाळात अर्धं रुतलेलं, तोंड आतल्या बाजूला करून आमचं पितळी मापटं पडलं होतं. त्यांनी ते उचललं, पदरानं पुसलं आणि छातीशी धरलं.

"म्हंजी ही... आमच्यात आली व्हती?"

मामंजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "चुकलं आसंल," ते पुटपुटले.

"चुकलं कसं?" धोंडीबा गरजले. एवढ्या वर्षांत मामंजींशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य! "माप आमच्या दारात हाय. सून आमची."

"आन् नात?" मामंजीही तापले. "तिच्या मधनं बी बांध घालतूस का काय?"

धोंडीबा माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. आधी ते हसले, की मामंजी, यावर गावात अजून वाद आहे. येसूबाई मात्र हसल्या नाहीत. बादली घेतली, उंबरा सारवला, रांगोळी काढली आणि मला म्हणाल्या, "ये बाई. आता लेकीला घिऊन ये."

मी त्या उंबऱ्यावरून आत गेले. येसूबाईंनी पोरीला घेतलं आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

आत्याबाई एवढा वेळ शेजारी, आमचा उंबरा घासत होत्या. वर मान नाही. येसूबाई पोरीला खांद्यावर टाकून त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"गोजरे, तुझा पाय चुकला व्हय गं?"

"पान्यात काय दिसतंय व्हय, येसू?" आत्याबाई म्हणाल्या आणि उंबरा घासत राहिल्या.

आसपास एकसुद्धा म्हैस नव्हती!