न धुतलेला स्पंज

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून सासऱ्यांचे अकरा मासे मेले.

मुद्दाम कोण मारेल? उलट मी त्यांच्यावर उपकारच करायला निघाले होते. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली होती, नवरा मानकोलीच्या गोदामात सकाळच्या शिफ्टला गेला होता आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, शेलारला भावाकडे गेले होते. पंखे पुसून झाले, डबे घासून झाले आणि माझी नजर फिश टँककडे गेली. काचेवर हिरवट थर आला होता, तळाच्या खड्यांत घाण साचली होती. म्हटलं, बाबा येईपर्यंत लख्ख करून ठेवू. मासे बादलीत काढले. खडे उकळत्या पाण्यातून काढले. फिल्टरमधला स्पंज इतका काळा झाला होता की मला किळस आली. भांड्यांचा साबण लावून तो पांढरा होईपर्यंत पिळून काढला. मग नळाला आलेलं ताजं पाणी टाकीत भरलं. त्या दिवशी पाण्याला औषधाचा उग्र वास येत होता, पण माझ्या मनात आलं, बरंच आहे, जंतू मरतील.

टाकी आरशासारखी दिसत होती. बाबा संध्याकाळी आले तेव्हा तीन मासे वर तरंगत होते आणि बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घ्यायला धडपडत होते.

"काय झाला ग?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"साबन लावलास?"

"हो."

त्यांनी मान हलवली. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत एकही मासा उरला नाही. बाबांनी चहाच्या गाळणीने एकेक करून सगळे काढले, खाली जाऊन इमारतीच्या मागे कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले आणि वर येऊन मला म्हणाले, "हात धू आणि जेवाला बस." एवढंच. ते ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या लोकांनी शाल-श्रीफळासोबत ही टाकी दिली होती. खाडीकाठच्या गावात वाढलेला माणूस. मासे म्हणजे कालवण नाहीतर तळलेल्या तुकड्या, एवढीच त्यांची माशांशी ओळख. पहिल्या दिवशी ते टाकीसमोर बसून म्हणाले होते, "हे निसते बघाचे?" पण महिनाभरात गडी पुरता अडकला. सकाळी पेपर हातात, पण नजर टाकीकडे. कुठला मासा कोणाला पळवतो, कोण आज खात नाही, याच्या बातम्या आम्हाला पेपरच्या आधी मिळायच्या.

मासे गेल्यावर टाकी बाल्कनीत गेली. कोणी सांगितलं नाही, पण हळूहळू तिच्यात कपड्यांचे चिमटे जमा झाले, मग जुन्या रद्दीचा गठ्ठा आला. बाबा पेपर वाचायचे आणि लवकर आटपून उठायचे. नवरा म्हणाला, "ते विसरलेत, तू पण विसर." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग पुतणीच्या लग्नाला गेलो. हॉलच्या दारापाशी मोठा फिश टँक होता. पंगत बसली, नवरा-नवरीचे फोटो झाले, बाबांचा पत्ता नाही. शोधत बाहेर आले तर बाबा त्या टँकसमोर उभे, फेट्यासकट, आणि हॉलच्या मॅनेजरला समजावत होते, "ते सोनेरी बघा. त्याच्या शेपटीला बुरशी लागलीय. त्याला वेगळा काढा, न्हायतर बाकीच्यांना पन लागल." मॅनेजर "हो काका, हो काका" म्हणत सटकायला बघत होता. बाबा मात्र काचेला नाक लावून उभे. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा तसा चेहरा पाहिला.

परीक्षेचे पेपर तपासून झाले आणि पहिल्याच मोकळ्या दिवशी मी नारपोलीत मासेवाल्याच्या दुकानात गेले. मालक पूर्वी कापडाच्या लूमवर कामाला होता, आता पन्नासेक टाक्यांचा धनी. मी रुबाबात म्हटलं, "भैया, ग्यारह मछली दे दो."

त्याने विचारलं, टाकी किती दिवस चालू आहे. मी म्हटलं, आज चालू करणार. आधीचे कसे गेले तेही सांगून टाकलं. त्याने कपाळावर हात मारला.

"मॅडम, आज मछली नहीं दूँगा."

"पैसे देतेय ना मी!"

"पैसा रखो. सिर्फ साबुन से नहीं, स्पंज धोने से भी मरी समझो. वो जो काला काला था ना, वही तो पानी साफ रखता है."

मग त्याने शांतपणे समजावलं. माशांची घाण पचवणारे बारीक जीव त्या स्पंजात, त्या खड्यांत राहतात. मी साबण लावून, खडे उकळून त्यांना संपवलं होतं आणि औषधाच्या पाण्याने उरलंसुरलं काम केलं. वर्गात मुलांना पर्यावरणाचे धडे शिकवणारी मी, त्याच्यासमोर पहिलीतल्या पोरीसारखी उभी होते. शेवटी त्याने स्वतःच्या चालू टाकीतून एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढला, पाण्यासकट पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "ये लगाओ. और मॅडम, हाथ जोड़ता हूँ, इसको धोना मत."

रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला.

घरी मी टाकी बाल्कनीतून आत आणली, ती बघून बाबा म्हणाले, "नको ग. आता या वयात परत कोन करील?"

"मी करीन," मी म्हटलं. चिमटे काढले, रद्दी काढली, काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरने पुसले. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपरच्या वरून बघत होते. मी खडे नुसत्या पाण्याने खळबळले, टाकीत पसरले आणि नळाला पाइप लावला. तो टाकीकडे नेला मात्र, बाबा ताडकन उठले.

"थांब! नळाचा पानी सरळ घालतेस? बादल्या भर. एक दिस उघड्या राहू दे, वास उडू दे त्याचा."

"मग तुम्हीच सांगा कसं करायचं ते."

"बाजूला हो," ते म्हणाले आणि बाह्या दुमडल्या.

पुढचा महिना आमच्या घरी पाण्यावर पाळत चालली. स्पंज लावला, दोन झाडं लावली, फिल्टर चालू केला. मासेवाल्याने सांगितल्याप्रमाणे बाबा रोज सकाळी रिकाम्या टाकीत माशांच्या खाण्याची चिमूट टाकायचे. ती कुजली की त्या बारीक जिवांना खाद्य. पण हे शेजाऱ्यांना कोण समजावणार? समोरच्या काकू साखर मागायला आल्या, बराच वेळ टाकीत डोकावल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मासे कुठायत ग?"

"अजून नाहीत."

"मग ते खायला कोणाला घालतायत?"

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं. मला वाटलं, पुन्हा काहीतरी मारलं मी. बाबांनी मासेवाल्याला फोन लावला. आयुष्यभर कचेरीत अर्ज घेणारा माणूस हिंदीत अर्ज केल्यासारखा बोलत होता, "पानी दूध के माफिक हुआ हाय, उसका कारन क्या हाय?" फोन ठेवून म्हणाले, "घाबरू नको. व्हता असा. आपोआप निवळल." दोन दिवसांत खरंच निवळलं.

मग एका दुपारी मी सुट्टीतल्या प्रशिक्षणाला गेले असताना फोन वाजला. बाबा सहसा फोन करत नाहीत. मी घाबरून बाहेर आले.

"ऐक, गोगलगाय हाय!"

"काय?"

"टाकीत! झाडाबरोबर अंडी आली असतील. एवढीशी हाय, मोहरीएवढी. काचेवर चालते. मी भिंग लावून बघितली." मी पुन्हा आत गेले तेव्हा मला हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय गोड बातमी? मी म्हटलं, हो, गोगलगाय झाली.

महिना संपला तेव्हा आम्ही दोघं बाटलीत टाकीचं पाणी घेऊन दुकानात गेलो. मासेवाल्याने एका नळीत ते घेतलं, घाणीचं विष उरलंय का ते बघायला औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली आणि उजेडात धरली. आम्ही दोघं निकालाच्या दिवशीसारखे उभे. नळीतलं पाणी पिवळं राहिलं.

"पास!" तो म्हणाला. "हिरवा हुआ होता तो वापस भेज देता. पाँच ले जाओ. ग्यारह नहीं."

बाबांनी पाच गप्पी निवडायला पाऊण तास लावला. नंतर म्हणाले, "ह्या मानसाला काम येतं," आणि मासेवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर पिशवी अर्धा तास तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं व्हावं म्हणून. मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत ओतलं. नवरा ड्युटीवरून येऊन बूटही न काढता उभा होता. बाबांनी पिशवीचं तोंड उघडलं, जाळी हातात घेतली, मग ती माझ्यापुढे धरली.

"तू सोड."

"नको बाबा. माझा हात..."

"तुझा हात काय झाला? सोड म्हनतो ना."

मी जाळीत एक मासा घेतला आणि जाळी पाण्यात बुडवून वाकडी केली. निळ्या शेपटीचा होता. क्षणभर तो तसाच थांबला, मग झाडाकडे सुटला. एकामागून एक पाचही गेले. माझे डोळे भरून आले, आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी तू माझ्यासाठीच धुतलीस ना टाकी. मला ठाव हाय."

त्या संध्याकाळी घरात बांगड्याचं कालवण होतं. बाबांनी जेवताना आपली खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली. "त्यांना पहिल्याच दिवशी हा कालवन कशाला दाखवाचा?" म्हणाले, आणि भात मागून घेतला.

महिन्याभराने एका सकाळी बाबांनी मला हाक मारून स्वयंपाकघरातून बोलावलं. झाडाच्या मुळाशी डोळे नि शेपटी एवढंच असलेली चिमुकली पिल्लं हलत होती. बाबा म्हणाले सतरा, मी म्हटलं एकोणीस. ती थांबतच नव्हती, आम्ही परत पहिल्यापासून मोजायला लागलो, आणि दोघंही वाकून मोजत असताना गॅसवरचं दूध उतू गेलं.