सलाईनवाल्या सिस्टर

“रडायचं असंल तर आधी रडून घ्या, मग हात द्या.”

श्रीगोंद्यात ज्या दवाखान्याला लागून माझं मेडिकल स्टोअर आहे, तिथल्या सिस्टरचं हे ठरलेलं वाक्य. समोर शाळकरी पोर असो की मिशीवाला पैलवान, वाक्यात बदल नाही. बोलता बोलता दंडाला रबरी पट्टा आवळायच्या, कोपराच्या खळीत बोट टेकवायच्या आणि समोरच्याला रडू फुटायच्या आत सुई शिरेत गेलेली असायची. मग चिकटपट्टी लावत म्हणायच्या, “झालं. आता कशाला रडता?”

तुम्हीही दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसला असाल, तर अशी एखादी सिस्टर तुम्ही पाहिली असेल. बोलायला तिखट. पण ड्युटीवर ती आहे म्हटल्यावर पेशंटचा जीव भांड्यात पडतो.

लहान मुलाला सलाईन लावायचं असलं की त्या माझ्याकडे यायच्या. “भाऊ, एक खोका द्या.” औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर कापूस गुंडाळून त्या बाळाच्या हाताला फळीसारखा बांधायच्या, म्हणजे हात वळून सुई निसटायची नाही. गळीत हंगामात ऊसतोडीची माणसं यायची. त्यांचे हात उसाच्या पाचटानं चिरलेले, कातडी राठ. तिथं शीर डोळ्यांना दिसतच नाही. सिस्टर चक्क दुसरीकडे बघत बोटानं चाचपायच्या आणि म्हणायच्या, “सापडली.”

सलाईन चालू झालं की नातेवाईक लोकांना घाई सुटायची. एकदा एका बागायतदारानं वडिलांच्या सलाईनची चकती गुपचूप फिरवून धार जोरात सोडली. सिस्टरनी येऊन ती पुन्हा हळू केली.

“आवो, एसटी चुकंल आमची,” तो म्हणाला.

“मग एसटीला सांगा थांबायला.”

सगळा वॉर्ड हसला. बागायतदार मात्र हसला नाही. बाहेर येऊन माझ्या काउंटरवर कोपर टेकत म्हणाला, “कुठली हो ही बाई?” ‘कुठली’ म्हणजे काय विचारायचं होतं ते मला कळलं. त्या बौद्ध समाजातल्या होत्या. मी नुसतं सांगितलं, “इथलीच.”

एका दुपारी एका तरुणाला त्याची आई घेऊन आली. ताप, खोकला, छातीत कफ. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं. औषध माझ्याच दुकानातून गेलं. सिस्टरनी त्याच्या हातावर कातडीखाली चाचणीपुरतं थेंबभर टोचलं, भोवती पेनानं गोल काढला आणि लाली येते का ते बघत त्याच्याशेजारी बसून राहिल्या. मी उरलेली औषधं द्यायला आत गेलो, तेव्हा त्याला विचारत होत्या, “लग्न झालं का?” तो लाजून म्हणाला, “औंदा करायचंय.” काही खाज नाही, लाली नाही. मग त्यांनी शिरेतून औषध सोडायला घेतलं, अगदी सावकाश.

अर्धं गेलं असेल. तो म्हणाला, “सिस्टर, घसा आवळतोय.”

त्यांनी तिथंच थांबवलं, डॉक्टरांना हाक मारली, डॉक्टर पळत येईपर्यंत रिॲक्शनवरचं इंजेक्शन भरून दिलंसुद्धा. डॉक्टरांनीही काही बाकी ठेवलं नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण पोरगा गेला.

गावाकडून दोन जीप भरून माणसं आली. काचा फुटल्या. लोकांनी डॉक्टरांना घेरलं. डॉक्टर भिंतीला टेकून म्हणाले, “मी हळू द्या असं सांगितलं होतं. सिस्टरनी कसं दिलं, मला माहीत नाही.”

सिस्टर त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फक्त मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं.

मग कुणीतरी त्यांचे केस धरले. “कोट्यातनं पास झालेली, हिला काय येतंय,” असंही कुणी ओरडलं. मी आणि वॉर्डबॉयनं त्यांना ओढत माझ्या दुकानात आणलं आणि शटर खाली घेतलं. बाहेरून दगड वाजत होते. सिस्टर औषधांच्या कपाटाला टेकून खाली बसल्या. ओठ फुटला होता. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “त्याच्या हातातली सुई काढायची राहिली.”

पुढं चौकशी झाली. मी जे पाहिलं ते सांगितलं. औषधाची रिॲक्शन आली, चाचणी करूनही कधीकधी येते, कुणाची चूक नाही, असा निकाल लागला. तोवर तो निकाल ऐकायची कुणाला गरज उरली नव्हती. डॉक्टरांनी सिस्टरना “लोक विसरेपर्यंत घरी बसा” असं सांगितलं होतं. लोक डॉक्टरांचं विसरले. रात्री-अपरात्री जायला दुसरा डॉक्टर जवळ नव्हता. सिस्टर मात्र दुसरी मिळाली. ज्या आळीत सिस्टरना घरोघरी इंजेक्शन द्यायला बोलवायचे, तिथल्या दारांवरून त्या गेल्या तर बायका पोरांना आत घ्यायच्या.

मी डॉक्टरांना एकदा विचारलं, “तुम्ही तर सगळं बघितलं होतं.”

“जमाव होता,” ते म्हणाले. “दवाखाना जाळला असता त्यांनी.”

दवाखाना जळला नाही. त्यावर आता दुसरा मजला चढलाय. सिस्टर गाव सोडून गेल्या.

नंतर त्या मला दिसल्या नगरला, सावेडीतल्या एका हॉस्पिटलात. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं. शेजारच्या पलंगावर एक म्हातारी आजी, आणि तिच्या उशाशी, आजींच्या घरच्यांनी पगारावर ठेवलेली बाई म्हणून, सिस्टर. तरुण नर्स आजींच्या हातात शीर शोधत पुन्हा पुन्हा टोचत होती. आजी कळवळत होत्या.

“मावशी, जरा बाजूला व्हा,” नर्स म्हणाली. सिस्टर बाजूला झाल्या.

“तूच बघ की गं,” आजी रडत त्यांना म्हणाल्या.

“मला न्हाई येत, आई.”

पाण्याची बाटली भरायला त्या बाहेर आल्या, तेव्हा मी मागोमाग गेलो. “सिस्टर,” म्हणालो. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं का ते.

“भाऊ, इथं कुणाला सांगू नका मी कोण हुते ते.”

“पण निकाल तुमच्या बाजूनं लागला होता.”

“व्हय, कळलं. कुणाकुणाला सांगत हिंडू?” त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. जाता जाता थांबल्या. “वहिनींचा हात सुजलाय. सलाईन शिरेत न्हाई, बाहेर चाललंय. नर्सला सांगा.”

“तुम्हीच बंद करा की.”

“नर्सला सांगा,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी येऊन पाहिलं. बायकोचा पंजा खरंच टम्म सुजला होता. मी बेल दाबली आणि नर्सची वाट पाहत उभा राहिलो. हातभर अंतरावर सिस्टर आमच्याकडे पाठ करून आजींचे पाय चेपत बसल्या होत्या.