चंद्रप्पांचा उजवा कान

चंद्रप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे समीक्षानं मला दोन महिने सांगितलं नव्हतं. कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना. मुलगी साठ फूट उंच कड्यावर, तिचा दोर खाली चढाई शिकवणाऱ्या या माणसाच्या हातात, आणि तिनं वरून हाक मारली तर?

"उजवा शाबूत आहे ना, आई."

"आणि वारा डावीकडून असला तर?"

तिचे बाबा पेपरमागून हसले. समीक्षाला चंद्रप्पांबरोबर कर्नाटकात दहा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. त्यांचा नियम असा, की आईचा फोन आल्याशिवाय ते कुणालाच नेत नाहीत. बापाचा चालत नाही. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचं होतं. म्हणून आज, रविवारी, धपाट्यांचा डबा घेऊन मी स्वतःच माणूस बघायला गेले.

ते शिकवतात तो घोडेकडा देगलूरच्या पुढे. आपल्याकडच्या काळ्या दगडासारखा नाही. गुलाबीसर करडा ग्रॅनाइट, उन्हात चमकणारा. हैदराबादच्या, पुण्याच्या गाड्या लागल्या होत्या. रंगीबेरंगी बुटांच्या त्या गर्दीत चंद्रप्पा अनवाणी. वय साठीचं, अंगात नातवाची ट्रॅकपँट, त्यावर दोराचा पट्टा, डोक्याला रुमाल. पंचवीस वर्षं त्यांनी जवळच्या खाणीत दगड फोडला. कान सुरुंगानं नेला. खाण बंद पडली, तेव्हा ते चढायला येणाऱ्यांना वाट दाखवू लागले आणि त्यांच्याकडूनच दोराचं नवं तंत्र शिकले.

"अक्का, डब्यात काय हाय?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"धपाटे."

"मंग पोरगी उतरल्यावर खाऊ. आधी खाल्लं की मला झोप येती."

समीक्षा हसली. मी नाही.

त्यांनी तिच्या कमरेची गाठ तीनदा ओढून पाहिली. मग कड्याला उजवा कान लावला आणि हातातल्या दगडानं ठोकत पुढे सरकले. एका जागी आवाज बदलला. तिथं खडूनं फुली मारली. "हितं हात लावायचा न्हाई. पोकळ हाय."

समीक्षा चढू लागली. मी खालून सूचना देत होते: सावकाश, डावा पाय, खाली बघू नकोस. निम्म्यावर ती काहीतरी ओरडली. चंद्रप्पांनी मानसुद्धा वर केली नाही. मी धावत त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि कानाशी ओरडले, "ती हाक मारतेय!"

"अक्का, एकच कान उरलाय. त्यो तरी ऱ्हाऊ द्या."

मग म्हणाले, "हिकडं या. माझ्या हाताच्या वरती दोराला बोटं लावा. धरू नका, नुसती लावा."

मी लावली. दोर हळूहळू सरकत होता. मग थांबला आणि त्यातून बारीक थरथर आली.

"उजवा पाय कापतोय तिचा," चंद्रप्पा म्हणाले. मी वर पाहिलं. उजवाच होता.

तेवढ्यात बोटांना दोन झटके बसले. चंद्रप्पांनी दोर आवळला आणि मागे रेलले. वर समीक्षा निवांत दोरावर बसली आणि हात झटकू लागली.

"खाणीत सुरुंग उडला की कुणालाच काय ऐकू यायचं न्हाई. आमी दोरावरच बोलायचो. दोन झटके म्हंजे धर. पोरांना पयल्या दिवशी हेच शिकवतो. वरडणं काय, वारा खातो."

"मग मघाशी ती काय ओरडली?"

"मला काय म्हाईत? मला ऐकू येत न्हाई."

खाली आल्यावर समीक्षानं सांगितलं. ती ओरडली होती, "आई, गप बस की."

चंद्रप्पांनी चार धपाटे खाल्ले आणि दोन बायकोसाठी, साखराबाईंसाठी, रुमालात बांधले. शिबिराचा विषय त्यांनी काढलाच नाही.

माझी काळजी संपली असं नाही. ही पोरगी पाणी कमी पिते, स्वेटर विसरते. घरी तर ताप आला तरी सांगत नाही. कपाळाला हात लावला की कळतं. पण तिथं पाय कापल्याबरोबर तिनं दोन झटके दिले होते.

आता घरात सगळे झोपलेत. सकाळी सहाला चंद्रप्पांना फोन लावणार आहे. साखराबाईंनी उचलला, तर त्यांना आधी सांगेन, फोन चंद्रप्पांच्या उजव्या कानाला लावा.