लांब नळीचा कॅमेरा
कॅमेऱ्याच्या चामडी खोळीला आता बुरशीचा वास येतो. पन्नास वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून सीताबर्डीवर तो जुना कॅमेरा घेताना दुकानदार म्हणाला होता, "घरच्यांचे फोटो काढाचे असन तं हा लांब नळीचा नका घेऊ, भाऊ. याले जवळचं दिसत नाही." मला अंबाझरी तलावावरची बदकं टिपायची होती, म्हणून तोच घेतला. घरी आजारी आई केस सारखे करून उशीला टेकून बसली. मी मागे सरत सरत दाराबाहेरच्या भिंतीला टेकलो, तरी चेहरा धूसरच. "अजून किती मागं जाशीन गा?" ती म्हणाली. उद्या उन्हात काढू, म्हटलं, आणि सकाळी तलावावर गेलो. परतलो तेव्हा ती गेली होती. त्या सकाळची बदकं भिंतीवर आहेत. पाहुणे विचारतात, इतक्या जवळून फोटो कसा काढला?