केणी मॅडमनी थांबवलेला पेपर

केणी मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या आमच्या कॉलेजात नेटवर्किंगचा तास घेत होतो. फोन त्यांच्या बहिणीचा. "सकाळी गेली," एवढंच त्या म्हणाल्या. मी वर्गात परत गेलो आणि उरलेला तास पूर्ण केला... का, ते अजून कळत नाही. महिना उलटला तरी आत काहीतरी टोचत राहतं, कारण मॅडम माझ्या पीएचडीच्या गाईड होत्या आणि मी त्यांना अर्ध्यावर सोडून गेलेलो.

त्या मूळच्या कॉम्प्युटर नेटवर्कवाल्या. मिठागरात राबलेले वडील दम्याने गेले आणि मॅडमनी पन्नाशीला टेकताना विषय बदलला. भिंतीवरच्या डबीतून रेडिओलहरी सोडायच्या, छातीच्या हालचालीने त्या किती बदलतात ते पाहायचं आणि अंगाला काहीही न लावता श्वास मोजायचा. लॅबमध्ये निकाल सुरेख आले, पेपर लिहून झाला. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, एकदा दिवा स्टेशनजवळच्या एखाद्या चाळीत लावून बघू. तिथे एका खोलीत सहा जण, त्यात दम्याची आजी. त्या दुपारी आजींना धाप लागली, सून पंप शोधायला धावली आणि आमच्या स्क्रीनवर मात्र श्वास अगदी संथ... यंत्र शेजारी झोपलेल्या नातीचा श्वास मोजत होतं.

परतताना मी म्हटलं, ही मर्यादा पेपरच्या शेवटी दोन ओळींत लिहू. मॅडम थांबल्या. "त्या दोन ओळी सुनेला कोण वाचून दाखवणार रे?"

त्यांनी पेपर थांबवला. मी दुसरा गाईड शोधला, लॅबपुरतं काम लिहिलं, डॉक्टरेट मिळवली, नोकरीला लागलो. मॅडमचं प्रमोशन पेपरांअभावी अडलं ते अडलंच. त्या दिव्याला जात राहिल्या. दोघांचे श्वास वेगळे काढता आले त्यांना, फार तर तिघांचे. सहांचे नाही. त्यांचंच बरोबर होतं, असं आता सगळे म्हणतात. मला ते तितकं सोपं वाटत नाही... ते अपुरं यंत्रही कुणा एकट्या राहणाऱ्याच्या कामी आलं असतं. यावर त्यांच्याशी भांडायचं राहून गेलं.

डोंबिवलीला मॅडमच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बहिणीने मॅडमच्या वह्या हातात ठेवल्या. प्रत्येक नोंदीत आकड्यांच्या आधी खोलीतल्या सगळ्यांची नावं, अगदी दाराशी टेकलेल्या शेजारणीचंसुद्धा. लॅबच्या पानांवर एकेकच नाव, बहुतेक ठिकाणी माझं. परवा माझी विद्यार्थिनी श्वास मोजण्यावरचाच तिचा पेपर सहीला घेऊन आली. मी विचारलं, "मोजताना खोलीत कोण कोण होतं?" ती गोंधळली. म्हणाली, सर, ते लिहायचं असतं? पेपर माझ्या टेबलावर आहे. सही केलेली नाही... परतही दिलेला नाही.