दाजींची पेटी

माझ्या साडूंइतका वस्तूंना जपणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये नसेल, आणि जपता जपता इतक्या वस्तू निकामी करणाराही दुसरा मिळायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते आणि बहिणीला ताई, म्हणून मीही तसंच म्हणतो. मूळचे नाशिकचे, पेशाने इंजिनिअर, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक कधी निघालं नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तिथून उठताना पाहुण्याला हात द्यावा लागे. टीव्हीच्या रिमोटला पिशवीवर पिशवी. चॅनेल बदलायचं तर ताई उठून थेट टीव्हीपाशी जायच्या. नव्या गाडीला ऊन लागू नये म्हणून दाजींनी तिच्यावर रोज आच्छादन घातलं, आणि वाळूसकट ते ओढून ओढून तिचा रंग आच्छादनानेच घालवला. "उघडी ठेवली असती तर याहून वाईट झालं असतं," एवढंच ते म्हणाले.

फोटो तर ते कुणाच्याच हवाली करत नसत. "क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावर आपली ट्रंक ठेवणं," असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी घरच्या वायफायला जोडायची एक पेटी आणली. आत दोन हार्ड डिस्क. जे एकीवर तेच दुसरीवर. "घरात दोन जावा असल्या की एक माहेरी गेली तरी स्वयंपाक अडत नाही," हे त्यांनी गणपतीला आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगितलं. मुलीचे वाढदिवस, आमचं लग्न, सहली, सगळं त्या पेटीत. मुख्य म्हणजे मुशैरिब या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या पहिल्या खोलीचे फोटो. लग्नानंतर ताई दोह्यात आल्या त्या त्याच खोलीत. पुढे ती सगळी गल्लीच पाडली आणि तिथे नवं चकचकीत मुशैरिब उभं राहिलं. आता ती खोली फक्त पेटीत होती. साहजिकच दाजींनी धुळीपासून जपायला ताईंकडून पेटीसाठी क्रोशाचं झाकण विणून घेतलं आणि वर ती कपाटात बंद करून ठेवली.

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी तेव्हा ऐन भरात होती. आमच्या भागातले रस्ते उकरलेले, आणि रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांचं पीं पीं दिवसभर चाललेलं. दाजी उन्हाळ्यात एसी बंद करून, पेटी मात्र चालू ठेवून, सहकुटुंब नाशिकला जाऊन आले. त्यानंतर त्यांच्या घरात ते पीं पीं जरा जास्तच ऐकू यायला लागलं. दाजींनी खिडक्यांच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या, तरी आवाज कमी होईना. "काम जोरात चाललंय, वेळेत उरकणार इन्शाल्ला," ते समाधानाने म्हणायचे. मग एका शुक्रवारी आम्ही तिथे जेवायला गेलो असताना ताई म्हणाल्या, "आज तर कामाला सुट्टी. मग गाडी कोण मागे घेतंय?" आवाजाचा माग काढत सगळे कपाटापाशी आलो. झाकणाखाली पेटी तव्यासारखी तापली होती. एक जाऊ कधीच माहेरी गेली होती, पेटी इतके दिवस तेच ओरडून सांगत होती. आता दुसरीनेही अंथरूण धरलं होतं.

दुकानदाराने पेटी कानाशी धरली आणि "भाई, खलास" म्हणून परत दिली. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सुचवलं, आणि दाजींनी ठेवलीसुद्धा. ताईंनी मला फोन केला. "लवकर या. मटारांशेजारी माझा संसार गोठवायला ठेवलाय यांनी."

मी बँकेत कॉम्प्युटरवर बसतो, एवढ्या भांडवलावर मला डॉक्टर नेमण्यात आलं. चार जाणकारांना विचारून मी निघालो. आजारी डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही. ती पेटीतून काढून कॉम्प्युटरला जोडायची, आणि जेवढं वाचता येईल तेवढं एका प्रोग्रॅमने नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. अडेल तिथे पुढे सरकायचं. काम मुंगीच्या पावलांनी चाललं. दाजींनी डिस्कवर टेबलफॅन लावला, ऑफिसातून रजा घेतली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. ताई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज काही घेतलं का तिने?"

"सकाळी बरं घेतलं. दुपारपासून नको म्हणतेय."

एकदा ताई बाहेर गेलेल्या असताना दाजी मला म्हणाले, "साडूभाऊ, मी झाकण घातलं नसतं तर?"

"डिस्क जुनीच होती, दाजी."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले आणि पंख्याची दिशा उगाच जराशी बदलली.

शेवटी बरंचसं वाचलं. फोल्डर आणि नावं मात्र गेली, सगळ्या फोटोंची मिसळ झाली. मुशैरिबच्या खोलीचा एकच फोटो हाती लागला, तोही अर्धा. वर दार आणि त्याला लावलेलं तोरण, खाली नुसता करडा पट्टा. दाजींचा चेहरा उतरला. ताई मात्र त्या करड्या पट्ट्यावर बोट ठेवून सांगायला लागल्या, "इथे पायरी. इथे तुमचे बूट. आणि इथे मी बसायचे, तुम्ही येईपर्यंत." दाजी ऐकत राहिले. "तू बाहेर बसायचीस?" त्यांनी विचारलं. हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधीच दाजींचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निघण्याआधी दोघांना मुशैरिबला जायचं होतं, म्हणून मी घेऊन गेलो. उंच दगडी इमारती, गार सावली, मधून सरकत जाणारी ट्रॅम, आणि सगळीकडे देशोदेशींचे झेंडे. आपली खोली कुठे होती ते दोघंही शोधू लागले. दाजी म्हणाले, इथे. ताई म्हणाल्या, छे, तिकडे, त्या कॉफीच्या दुकानापाशी. बराच वेळ वाद झाला. मग दाजी आपल्या जागी उभे राहिले, ताई आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, आणि मी मध्ये गाडीची किल्ली हातात घेऊन.

थोड्या वेळाने दाजी म्हणाले, "यल्ला, निघूया." आणि चालत चालत ताईंच्या जागी जाऊन उभे राहिले.