बावड्यातली तपासणी

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ द्या, हसणारच आहात तुम्ही! निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या.

मी ऑडिट खात्यातून रिटायर झालो, पण खातं काही माझ्यातून रिटायर झालं नाही. घरातल्या किराणा बिलावर शेरे मारायला लागलो, तेव्हा बायकोनेच राजारामपुरीतल्या एका ट्रस्टच्या लोकांना गाठलं. 'ह्यांना काहीतरी काम द्या हो!' झालं, मी बिनपगारी तपासनीस!

हा ट्रस्ट कसबा बावड्यातल्या एका वृद्धाश्रमाला वर्षाचं धान्य आणि औषधांचा खर्च देतो. तिथं म्हाताऱ्यांना वेळेवर जेवण मिळत नाही, पैशाचाही ताळमेळ नाही, अशी कुणीतरी तक्रार केलेली. मी जाऊन बघायचं, आणि मी नाक मुरडलं की मदत बंद. म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या ताटातली भाकरी माझ्या पेनावर अवलंबून! मी ऐटीत फोन केला, 'अकराला येतो. तयार राहा.'

आता पत्ता विचारून जावं की नाही? पण ऑडिटर कधी पत्ता विचारतो का? गल्लीत शिरलो, तर एका घराच्या सोप्यात पाच-सहा म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून ओळीने बसलेले. आतून आज्या डोकावत होत्या. पाटी नव्हती, पण एवढे म्हातारे एका जागी दिसल्यावर पाटी हवीच कशाला? मी स्कूटर लावली.

'या, या पावणं! कवाधरनं वाट बघतोय तुमची!' सगळ्यांत थोरले आबा उठून उभे राहिले.

एवढं अगत्य? म्हणजे हिशेबात नक्की गडबड आहे, मी मनात म्हटलं. वही काढली आणि थेट एका आजींकडे वळलो.

'आजी, तुम्हाला इथं कुणी आणून सोडलं?'

'माझ्या बापानं. वाजतगाजत!'

अरे देवा! बिचारीला भ्रम झालेला दिसतोय.

'परत आपल्या घरी जावंसं नाही वाटत?'

'जाईन की! ह्यो म्हातारा सोडंल तवा!' आजींनी आबांकडे बोट केलं आणि सगळे हसले. मी हसलो नाही. मी लिहिलं, 'कोंडून ठेवतात.'

'पैशाचं कोण बघतं?' मी आबांना विचारलं.

'धाकटा बघतोय सगळं. खातं बी त्येच्याच नावावर हाय.'

'आणि त्याला हिशेब कोण विचारतं?'

आबा दुखावले. 'भावाभावांत हिशेब इचारायची पद्धत न्हाय आमच्यात, पावणं.'

'निदान पावत्या?'

'घरच्या घरात कसल्या वो पावत्या?'

मी लाल पेन काढलं आणि 'गंभीर' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग आबांनीच मला धरलं.

'बरं, पोरगं पुण्यात असतंय न्हवं? पगार किती पडतोय?'

माझा मुलगा खरंच पुण्यात असतो हो! माझी माहिती काढून ठेवलीय ह्यांनी? दबाव आणतात?

'ते या तपासणीत येत नाही,' मी ठणकावलं.

'आमच्या तपासणीत येतंय की!' आबा म्हणाले.

जेवायला पुरणपोळी आणि कटाची आमटी. सण नाही, वार नाही आणि पुरणपोळी! लगेच लिहिलं, 'दानाच्या पैशाची उधळपट्टी.' पण दर्जा तपासायला नको का? चार पोळ्या तपासल्या. आमटी तर इतकी तपासली की पट्टा सैल करावा लागला.

जेवण झाल्यावर एक मुलगी नवी साडी नेसून, मान खाली घालून चहाचा ट्रे घेऊन आली. सगळे सावरून बसले. माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी मुलीला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं,

'ही कामाला कायमची आहे, की रोजंदारीवर?'

आबांच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

'पावणं... तुमी मुलाचं मामा न्हवं? मुरगूडचं?'

'मी? मी वृद्धाश्रमाचा तपासनीस!'

मग त्या आजी तोंडाला पदर लावून अशा हसत सुटल्या, की त्यांना धरायला दोन सुना धावल्या. 'आगं बया! आन् मला इचारतंय, कुणी आणून सोडलं!'

'बरं झालं बाई, मामा न्हवं ह्यो,' मुलगी म्हणाली आणि आत पळाली.

तेवढ्यात फोन वाजला. आश्रमाच्या संगीताताई. 'साहेब, कुठं आहात हो? सगळे जेवायचे थांबलेत!'

घड्याळ बघितलं. अडीच! आश्रम मागच्याच गल्लीत होता. तिथंही पाटी नव्हती. साहेब येणार म्हणून ती रंगवायला उतरवली होती!

आत गेलो, तर रिकाम्या ताटांसमोर सगळे बसलेले. इस्त्रीचे शर्ट, चापून विंचरलेले केस. साखरेचा त्रास असलेल्यांना तेवढं ताईंनी रागावून खायला घातलं होतं. मला अक्षरशः रडू यायला लागलं.

'अहो, जेवून का नाही घेतलंत?'

'पावणं आल्याबिगर?' एक आजोबा म्हणाले. 'आश्रमात ऱ्हातोय म्हणून रीत सोडायची व्हय?'

मी मुकाट्याने पुन्हा जेवायला बसलो. पोटात जागा नव्हती, पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं.

हिशेब? आरशासारखा! काडेपेटीचीसुद्धा पावती. जेवणाचं विचारलं, तर सगळे एका सुरात ओरडले, 'रोज बाराच्या ठोक्याला!' तक्रार निव्वळ खोटी. मी वहीतलं ते 'गंभीर' पान फाडलं आणि अहवाल लिहायला बसलो. पण छापील प्रश्न समोर होता, 'तपासणीच्या दिवशी जेवण वेळेवर मिळाले का?' आयुष्यभर कुणाला सोडलं नाही, आता स्वतःला कसं सोडू?

लिहिलं, 'नाही. जबाबदार व्यक्ती: तपासनीस. शिफारस: एक, आश्रमाची मदत चालू ठेवावी. दोन, तपासनीस बदलावा.'

ट्रस्टच्या बैठकीत दोन्ही शिफारशी एकमताने मंजूर झाल्या. दुसरी तर टाळ्यांच्या गजरात!